वाफेत विझणारी नजर

नवरीच्या अंगावर पहिलं पाणी घालायचा मान तामूचा होता, आणि नेमका तोच तिला नको होता!

"आज तरी येणार ना हम्मामात? की माझं लग्न बघवत नाही तुला, तामू?" घीताने दारातच विचारलं.

आई गेल्यावर आपलं लग्न बाजूला सारून तामूने या धाकट्या बहिणीला वाढवलं होतं. तेव्हापासून घीता तिला 'लाल्ला' म्हणायची; फेज शहरात मोठ्या बहिणीला कुणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. पण हिवाळ्यात तामूने हम्मामात, त्या वाफेच्या न्हाणीघरात, जाणं सोडलं, नवरीच्या न्हाणाचं नाव काढलं तरी ती विषय टाळू लागली, आणि ती हाक आटली…

तामूने बादली उचलली. काय सांगणार होती ती? मेकनेसच्या डॉक्टरांनी आजाराचं नुसतं नाव सांगितलं होतं. अर्थ कळला तो घीताकडूनच. तामू कणीक मळत होती आणि घीता वैद्यकीच्या परीक्षेसाठी मोठ्याने घोकत होती. चेतापेशीच्या फांद्या ऐकतात, लांब शेपूट बोलतं. दोन पेशींमधल्या बारीक फटीतून निरोप रसायनावर तरंगत पलीकडे जातो. शेपटावर चरबीचं वेष्टन असतं, म्हणून निरोप उड्या मारत मेंदूपर्यंत पोचतो. ते झिजलं की तो रखडतो, आणि अंग तापलं तर वाटेतच विझतो… तामूचे हात कणकेतच थांबले होते. वाफेत डोळ्यांपुढे राखाडी पडदा का उतरतो, ते तिला तेव्हा उमगलं.

पण वराची आई, हाज्जा बतूल, घराण्यातली दुखणी उकरून काढणारी बाई होती. हे कळलं तर लग्न मोडलंच असतं. त्यापेक्षा बहीण मत्सरी म्हणते तर म्हणू दे…

हम्मामाच्या आतल्या खोलीत वाफ दाटली होती. बायकांच्या हातातल्या मेणबत्त्या आधी फिकटल्या, मग एकेक करून नाहीशा झाल्या. तामूने आवाजाच्या अंदाजाने तांब्या ओतला. पाणी फरशीवर आदळलं.

"काय गं, नवरी इकडे आणि पाणी तिकडे?" हाज्जा बतूल म्हणाली. बायका हसल्या.

दुसरा तांब्याही फरशीवरच गेला. क्षणभराने तामूच्या चेहऱ्यासमोर हवा हलली, जणू कुणी हात फिरवून पाहिला; आणि ओली बोटं तिच्या मनगटाभोवती आवळली.

"मला भोवळ येतेय," घीता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लाल्ला, मला बाहेर ने."

हसणं थांबलं. "भोवळ? लग्नाआधीच?" हाज्जाने सावकाश विचारलं. त्या प्रश्नातला विषारी संशय तामूला कळला, घीतालाही कळलाच असणार.

"नको, वेडे…" तामू पुटपुटली. पण मनगटावरची ती बोटं तिला ओढत होती. आधार देणारी कोण आणि घेणारी कोण, हे वाफेत कुणालाच दिसलं नाही.

बाहेरच्या गार खोलीत घीताने तामूच्या मानेवर थंड फडकं दाबून धरलं. "तुझ्यासमोर बसून घोकलं मी. आणि मलाच दिसलं नाही, लाल्ला!"

"पण लग्न…"

"होईल, नाही तर नाही होणार. तू बोलू नकोस."

हळूहळू दिवा परतला, मग भिंतीची हिरवी फरशी, मग घीताचा रडवेला चेहरा.

"दिसतंय?"

"दिसतंय," तामू म्हणाली.

उजवीकडचा कोपरा मात्र राखाडीच राहिला होता. आणि त्याच कोपऱ्यातून हाज्जा बतूलच्या ओल्या सपातांचा आवाज जवळ येत होता.