तेविसावा दगड

एकनाथराव त्या संध्याकाळी कोठीच्या बाजारात गेले ते टॉर्चचे सेल आणायला. मंगळवार, सतरा डिसेंबर, दोन हजार चोवीस. तारीख मी विसरत नाही. समीर, तो मोबाईल उलटा ठेव. आणि नेहा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

काय म्हणालीस? "कब्रस्तानवाली स्टोरी नक्को, आजोबा"? मग झोपायला जा. नाही ना जात? बरं.

एकनाथराव तुम्हाला ठाऊक आहेत. सर्व्हे खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला, रिटायर झाले तरी हात स्वस्थ नाही. आम्ही काचीगुड्यातले पाच-सहा म्हातारे जुन्या दफनभूम्या शोधत हिंडायचो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तुमची आजी म्हणायची. पण काम खरं होतं. झाडोरा काढायचा, अक्षरं झिजली असली तर दाढीच्या आरशानं उन्हाची तिरीप टाकून ती वाचायची, नकाशावर नंबर घालायचा.

अफझलगंजाच्या पुढे, मुसी नदी ओलांडून, गोसाव्यांच्या जुन्या समाध्यांचं एक आवार एकनाथरावांना सापडलं. मला ते आधीपासून ठाऊक होतं. पण मी बोललो नाही.

कोपऱ्यात चिंचेखाली तेवीस दगड होते. नारळाएवढे, ना अक्षर ना खूण. रविवारी पाहुणे आवार बघायला यायचे होते आणि वाटेला कड हवी होती. एकनाथरावांनी विचारलं, "दत्तात्रयराव, हे काही आहे का? की नुसते दगड?"

मी म्हणालो, "नुसते दगड. घ्या उचलून."

पोरांनो, मी खोटं बोललो. आपल्यात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वर दगड ठेवतात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बारसंच झालेलं नसतं, तर नाव कुठून येणार? आमची पहिली मुलगी त्याच कोपऱ्यात आहे. तुमच्या बापाच्या आधीची. एक्क्याऐंशी साली, नवव्या दिवशी गेली. घरात तो विषय कोणी काढत नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. मलाही चारचौघांत काढवेना. त्रेचाळीस वर्षं तिकडे फिरकलो नव्हतो, कुठल्या तोंडानं सांगणार? लाज वाटली मला. ते दगड उचलत होते आणि मी उभा राहून फोटो काढत होतो.

मंगळवारी दुपारी भाग्यलक्ष्मी आली. अफझलगंजात फुलं विकते, सत्तरीची बाई. कोपरा बघून ती मटकन खाली बसली.

"यहाँ के पत्थरां किधर गए साब? मेरा बच्चा इमली से चौथे के नीचे था."

एकनाथरावांनी नकाशा उघडला. समाध्यांना नंबर होते, कोपरा कोरा होता. दगड वाटेच्या कडेला ओळीनं मातीत बसवलेले. कुठला कुणाचा, कोण सांगणार?

"कल उसकी बरसी है," ती म्हणाली. "मेरा पत्थर जगा पे रखो साब." आणि फुलांची टोपली उचलून गेली.

"चला, रात्रीतच परत ठेवू," एकनाथराव मला म्हणाले. मी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. म्हणून ते एकटे गेले. पुढचं सगळं त्यांच्या तोंडून ऐकलेलं.

कोठीहून सेल घेऊन साडेसातला ते आवारात शिरले. चंद्र अजून वर आला नव्हता. पहारीनं कडेचे दगड सोडवले, घमेल्यातून कोपऱ्यात नेले. पहिला दगड टेकवायला जागा सपाट करावी म्हणून मातीवर हात फिरवला.

बोट कशात तरी अडकलं.

मुळी असेल. टॉर्च मारला. माती. नुसती माती. पण बोट सुटेना. काहीतरी मऊ होतं. कोमट होतं...

तान्ह्या बाळाच्या तळहातावर कधी बोट ठेवलंय तुम्ही?

तसं.

... नेहा, सरकून बस इकडे.

दुसऱ्या हातानं दगड ओढला. हळूच तिथं टेकवला. मूठ सुटली.

पुढे वीतभर... हात फिरवला. पुन्हा तसंच. दगड ठेवला. सुटली. पुन्हा...

"भीती कधी गेली कळलं नाही," ते मला म्हणाले. "मी रडत होतो हो. एकेकाला माफ कर म्हणत होतो."

बावीस वेळा.

तेविसाव्याला... काही नाही. सगळा कोपरा चाचपला. चिंचेचं बूड चाचपलं. माती थंड.

तो दगड चिंचेला टेकवून त्यांनी गेट ओढलं आणि घरी आले. रात्रभर तापानं फणफणले. पहाटे मला त्यांचा फोन आला. मी तसाच आवाराकडे निघालो. निघताना आपली पायरी मोकळी होती, हे मी शपथेवर सांगतो.

भाग्यलक्ष्मी आधीच आली होती. कोणी काही न सांगता एका दगडापाशी बसली होती. झेंडूची फुलं वाहिली, दगडावरून हात फिरवला. "यहीच है," म्हणाली. मी चिंचेपाशी गेलो. तिथं दगड नव्हता.

घरी परतलो... तर तो दगड पायरीपाशी, अंगणाच्या मातीत. तोच, ज्याच्या शेजारी तुम्ही रोज चपला काढता. आजी पायरीवर बसली होती. तिनं दगडाच्या बुडाशी एक बोट घातलं होतं आणि ते काढत नव्हती.

"अहो, हिला जागेवर ठेवून या," म्हणाली. "जागा तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच माती दिलीत ना?"

त्रेचाळीस वर्षं मी तिला तसंच सांगत आलोय. आईला तेव्हा नेत नसत. आत माझा थोरला भाऊ घेऊन गेला होता, तो आता नाही. मी... मी गेटबाहेरच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो.

आजी अजून विचारते, कधी नेताय? मी उद्या म्हणतो. मधे उन्हाळा येऊन गेला, अंगणाला भेगा पडल्या. दगडाखालची माती मात्र... ओलीच आहे. जाताना हात लावून बघा हवं तर.

मी नाही लावत.