गुडघाभर समुद्र

"समुद्र मंजे काय, लांबरुंद इहीरच न! आमच्या पातूरच्या साठ फुटी इहिरीत बुडी मारून मी तळची माती आनतो बापा!" असं दोस्तांना ऐकवून सुगतनं धक्क्यावरून धाडकन उडी मारली.

तळची माती त्यानं खरंच आणली. डोक्यापासून पायापर्यंत. ओहोटी लागली होती आणि पाणी होतं गुडघाभर.

अंदमानातल्या त्या एवढ्याशा बेटावर सगळेच हसले. पण सगळ्यात मोठ्यानं हसली ती धक्क्यावर बसलेली ज्योत्स्ना.

"काहून हासून राहिल्या जी?" चिखलातून आवाज आला.

"पातूरले ओहोटी नसते काय?"

"इहिरीतलं पानी जागचं हालत नाई, मॅडम. त्याले शिस्त असते!" त्यानं तोंड पुसलं. चिखल जिथं नव्हता तिथंही लागला. "तुमी कोनत्या गावच्या?"

"अमरावती. राजापेठ. गणिताची ट्यूशन हाय माई."

"मंग तुमीच सांगा न... एवढं पानी गेलं कुठी?"

गणिताच्या बाई पाण्याऐवजी त्याच्याकडंच पाहू लागल्या. त्या चिखलात दोन डोळे फारच मिस्कील चमकत होते...

तसं ज्योत्स्नाच्या डोक्यात आज वेगळंच गणित होतं. तिवस्याचं स्थळ आलं होतं. मुलगा बरा, घर बरं, फोटोही बरा. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायला मन नव्हतं. सहलीला सोबत आलेल्या, पोस्टातून रिटायर झालेल्या तिच्या बाबांनी, धर्मपालरावांनी, सकाळीच बजावलं होतं, "परतीच्या बोटीत बसाच्या आंधी हो का नाई सांग. त्याईले फोन कराचा हाय." बोट चारची होती.

दुपारपर्यंत सुगत आंघोळ करून, केस विंचरून, "सहजच" तिच्या आसपास फिरत होता. वाळूवर शंख पाठीवर घेतलेले खेकडे तुरुतुरु चालले होते.

"पाहा, राजापेठेतले भाडेकरू," ज्योत्स्ना म्हणाली. "खोली बदलून राहिले."

तो एवढा हसला की झाडावरचा निळा खंड्या उडून गेला. मग हसणं थांबलं. वारा खारट होता, तिची ओढणी त्याच्या हातावर येऊन पडली होती, आणि ती काढून घ्यायचं दोघांनाही सुचेना.

"ज्योत्स्नाजी... मले तुमाले एक—"

ओढणीला हिसका बसला. बेटावरच्या माणसाळलेल्या हरणांपैकी एकानं तिचं दुसरं टोक तोंडात घातलं होतं.

"थांबा! जनावरं माया शब्दाबाहेर नाईत!" सुगत पुढं झाला. हरणानं ओढणी सोडली, त्याच्या पोटात डोकं घातलं आणि त्याला वाळूवर बसवलं.

ज्योत्स्नानं हात देऊन उठवलं. हात सोडला नाही.

"काय म्हनत होते?"

"मी... ते... इकडं नारयाची झाडं लय हायत न?"

घड्याळात सव्वातीन. साठ फुटांत बुडी मारणाऱ्या माणसाला एक वाक्य वर आणता येईना! ज्योत्स्नानं ठरवलं, वर्गात पोरं गप्प बसली की प्रश्न आपणच सोडवायचा.

"आइका. बाबा आता तिवस्याले फोन करनार हायत. मी नाई म्हनू काय... तुमच्यासाठी?"

त्यानं पायाच्या अंगठ्यानं वाळूत रेघ ओढली.

"म्हन," तो पुटपुटला.

"आइकू नाई आलं."

"म्हन न व!"

आदराच्या 'जी'चा जवळिकीचा 'व' झाला होता. ती लाजली, ओढणी झटकली आणि तरातरा निघाली ती थेट बाबांपाशी.

"बाबा, तिवस्याले नाई सांगा. मले थो पोट्टा पाहिजे."

"कोनता? सकायी चिखलात पडला थो?"

"हाव, थोच."

धर्मपालरावांनी मागून आलेल्या सुगतला वरून खाली पाहिलं. "काय करता?"

"पातूरले रोपवाटिका हाय जी. लिंबाची, संत्र्याची कलमं करतो."

"मायी पोरगी तिखट हाय. झेपन काय?"

सुगतनं छाती फुगवली. तोंड उघडलं. ज्योत्स्नाकडं पाहिलं आणि श्वास सोडून दिला.

"मालूम नाई जी. पन पयून जानार नाई."

धर्मपालरावांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिवस्याला फोन लावला. "राग नका मानू जी, पोरीचा इचार दुसरा हाय," एवढंच बोलले. मग सुगतच्या खांद्यावर हात ठेवला, "चाला, आमच्याच बोटीत बसा. घरच्याईचं सांगा जरा."

बोटीत तिघं एका बाकावर बसले. एका टोकाला ज्योत्स्ना, दुसऱ्या टोकाला सुगत, मधे बाबा. बाबांच्या पाठीमागून दोन हात एकमेकांना सापडले. बोट सुटली. दहाव्या मिनिटाला धर्मपालरावांना उलटी झाली. ती सुगतच्या अंगावर झाली.