मंद्रूपचा व्हिलन

कॉलेजच्या फाटकातून एक सायकल भर्रकन आत शिरली आणि मागे आडव्या बांधलेल्या उसाच्या मोळीत रुद्राणीचा पदर अडकला. टर्रकन फाटला. नवी कोरी साडी... तिला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

"व्हिलन कुठला!" ती ओरडली.

सायकलवाला घाईघाईनं उतरला. उंच, सावळा, डोळ्यांत अपराधी हसू.

"चुकलंच माझं. मी गुरुलिंग, मंद्रूपचा. पण व्हिलनकडं पिस्तूल असतं. मी आपला ऊस घेऊन आलोय."

राग आवरता आवरता तिला हसू फुटलं.

पुढच्या आठवड्यात त्यानं तिला लिंबाखाली गाठलं.

"इंग्रजीच्या सरांना विचारलं मी. व्हिलन शब्द आला कुठनं?"

"मग?"

"लॅटिनमध्ये व्हिला म्हणजे शेतवाडी. तिथं राबणारा गडी, तो व्हिलन. साधा गावकरी हो! वरच्या लोकांनी नावं ठेवून ठेवून त्यालाच लुच्चा ठरवला." तो हसला. "म्हणजे तुम्ही बरोबरच बोललात की!"

रुद्राणी मात्र हसली नाही. वडिलांच्या कापडदुकानात गिऱ्हाइकामागे 'खेडवळ' म्हणून हसणं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. स्वतःही हसली होती.

"मला तसं म्हणायचं नव्हतं—"

"ठाऊक आहे. मला बोलायला फक्त निमित्त हवं होतं..."

तिनं मान खाली घातली. कानशिलं तापली होती.

मग निमित्तं वाढतच गेली. कधी हुरडा, कधी बोरं, कधी नुसतंच "आज ऊन लई आहे, नाही?"

परीक्षेच्या तोंडावर मात्र तो नजर चुकवू लागला. शेवटी तिनंच वाट अडवली.

"तुम्हाला पुण्याचं स्थळ आलंय म्हणे," तो पुटपुटला. "चांगलं झालं. आमच्याकडं नळ नाही, लाइट अजून—"

"मला विचारलंत?"

तो सायकलच्या घंटीशी चाळा करू लागला.

"काल अप्पांना सांगितलं मी. ते म्हणाले, त्या खेडवळाच्या घरी जाणार तू? मी म्हटलं, जाणार. रात्री ते जेवले नाहीत. मीही नाही. सकाळी चहा घेताना म्हणाले... त्याच्या वडिलांना दुकानावर बोलाव."

गुरुलिंगनं सायकल स्टँडवर लावली.

"येतील ना ते?"

"व्हय," तो म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसू लागला.