मार्गेद नदीत उतरली

पाऊस चुकवत बॅप्टिस्टांच्या चॅपलचं दार ढकललं आणि थेट तिथल्या तेगिदच्या अंगावर आदळले. त्याचा चहा माझ्या कोटावर!

"बाप्तिस्मा घ्यायला आलीस की द्यायला?"

"जुनी बाप्तिस्म्याची वही बघायला."

"मदत करू?"

"नको. वाचता येतं मला."

आम्ही मेथॉडिस्ट, आमचा पंथ वेगळा, चॅपलही वेगळं. बॅप्टिस्टांकडे मदत मागायची म्हणजे कमीपणा घेणं आलं! पण आले होते आजीसाठी. तिच्या आईला, मार्गेदला, कुठल्याच चॅपलनं जवळ केलं नाही, हा टोमणा आजीनं जन्मभर ऐकला. आता तिला नव्वदावं लागलं होतं. ती असेपर्यंत मला तो टोमणा खोटा ठरवायचा होता.

मग दर शनिवारी मी तिथे. आपल्या आजोबांच्या मागे या वह्या आता तेगिद सांभाळायचा. मुकाट्यानं चहा ठेवायचा, मनुकांचा पाव ठेवायचा... हसला की त्याच्या गालाला खळी पडायची आणि मी वही सोडून तिकडेच बघत बसायचे.

"पान उलटायचं राहिलं," तो म्हणायचा. मेला!

मार्गेदच्या जन्माचं वर्ष संपलं, पुढची-मागचीही संपली. नाव नाहीच. मला रडूच फुटलं.

"नेस्ता... आता तरी सांग, कोण हवंय?"

सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला.

"अगं, पणजीला तान्ह्या बाळांत शोधतेयस? तुमच्यासारखा आम्ही बाळांना बाप्तिस्मा देतच नाही! मोठं व्हायचं, स्वतः ठरवायचं, चारचौघांत बोलून दाखवायचं — मग नदीत बुडी."

वीसेक वर्षं पुढची पानं उघडली. आणि... मार्गेद! वय बावीस. शेजारी शेरा: जानेवारीत, बर्फ फोडून, बाप काठावरून ओरडत असताना, स्वखुशीनं.

मी किंचाळलेच. तिथूनच आजीला फोन करून वाचून दाखवलं. पलीकडून हुंदके.

"टोमणे मारणाऱ्या सगळ्या मेल्या गं," आजी म्हणाली. "तरी परत वाच. मोठ्यानं!"

फोन ठेवला. तेगिद वहीची दोरी उगाच बांधत-सोडत होता.

"काम झालं तुझं. आता... येणार नाहीस?"

"तूच बोलाव की."

"मला तर तू हवीच आहेस, नेस्ता. पण तुझं कोण ठरवणार? आमच्यात दुसऱ्यानं ठरवून चालत नाही."

लबाड! तेवढ्यात गाण्याच्या तालमीची मंडळी छत्र्या झटकत आत आली. एरवी मी पळाले असते. पण मी मार्गेदची पणती.

"तेगिद, तू मला आवडतोस!"

"मागं ऐकू आलं नाही," कुणी म्हातारबुवा ओरडले.

मग मी परत सांगितलं. मोठ्यानं.