श्वासपहारा

चंद्रपूरबाहेरच्या मैदानात सकाळी साडेनऊलाच त्रेचाळीस अंश झाले होते. तनुजा भोयरने सपाट जागा बघून आपलं राहतं गाडीघर उभं केलं, चाकांखाली लाकडी ठोकळे सारले आणि पाणसळ ठेवून गाडी समतल असल्याची खात्री करून घेतली. गॅसवरचा फ्रिज मोठा नखरेल. गाडी जराशी कलली तरी रुसायचा.

त्या फ्रिजमध्ये तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचा जीव होता. पर्णाच्या शरीरात एक विकर, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं एक प्रथिन, तयारच होत नव्हतं. ते तिच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवून कुप्यांत भरून मिळे, सहा महिन्यांतून एकदा. कुपी आठ अंशांच्या वर गेली किंवा बर्फात ठेवून गोठली की फेकून द्यायची. सोळा कुप्या उरल्या होत्या, आठवड्याला एक, आणि पुढची खेप गणपतीनंतर यायची होती.

छतावरच्या सौरपट्टीवर दिवे आणि पंखा चालत. फ्रिजची भूक मोठी, त्यामुळे उभ्या गाडीत तो गॅसच्या ज्योतीवरच चाले. आत कुणी नसलेल्या अशा उभ्या गाडीघरांना आगी लागून आसपासची माणसं दगावली, तेव्हापासून प्रत्येक गाडीत श्वासपहारा सक्तीचा झाला होता. डब्याएवढं यंत्र ते. रेडिओलहरी सोडून माणसाच्या छातीची हालचाल टिपायचं. आत कुणी श्वास घेत असेल तर ज्योत चालू, नाहीतर पाच मिनिटांत बंद. लोकांनी कुत्री बांधून पाहिली, बाहुल्या हलवून पाहिल्या, पण यंत्र फसेना. शेवटी प्रत्येक घराने आपलं एक माणूस गाडीत बसवायला सुरुवात केली, बहुतेक म्हातारं, ज्याला दुसरं काम नाही असं. शहाण्यांनी आगीचा प्रश्न असा निकालात काढला होता.

भोयरांच्या घरात बसायचे ते देवराव, तनुजाचे सासरे. नवरा सौरपट्ट्यांच्या कामावर कच्छला होता. पर्णाची आज रक्ततपासणी होती आणि गॅसची टाकी असलेल्या गाडीला इस्पितळाच्या आवारात मज्जाव होता.

"मामाजी, पंखा चालू राहू द्या. पाणी पीत राहा," तनुजा म्हणाली. "अन् काहीबी झालं तरी खाली उतरू नका."

"उतरून जाऊ कोठी? माह्या नातीचं औषध हाये ते," देवराव म्हणाले. "जा तू, पोरीले ऊन लागन."

रांग लांब होती. दर अर्ध्या तासाला तनुजा फोनवर श्वासपहाऱ्याची नोंद बघायची. माणूस आहे, चार अंश. माणूस आहे, चार अंश. तिला हायसं वाटायचं. एक वाजून गेल्यावर पर्णाचं रक्त घेतलं आणि तेवढ्यात फोन कर्कश वाजला. वाहनात माणूस नाही. ज्योत बंद.

तिचा पारा चढला. गेले असणार टपरीवर चहाला! एवढं बजावून सांगितलं तरी! तिने फोन लावला, नुसता वाजत राहिला. मग पर्णाचा हात धरून ती भर उन्हात पळत सुटली. पोर रडत होती, तरी तिने ओढतच नेलं. वाटेत आकडा पाच झाला, मग सहा. म्हाताऱ्याला काय काय बोलायचं ते तिने मनात ठरवून टाकलं होतं.

देवराव खुर्चीतच होते. मान एका बाजूला कललेली, खिडक्या गच्च लावलेल्या आणि पंखा बंद.

तनुजा आत शिरली तशी फ्रिजमागे टकटक झाली आणि ज्योत पेटली. तिने देवरावांना हलवलं, तोंडावर पाणी मारलं, नाकाशी हात धरला. काही नव्हतं.

पंखा आणि खिडक्या का बंद, ते तिला लगेच कळलं. मागच्या महिन्यात वादळात ज्योत विझली तेव्हा वाऱ्याने विझली असं तीच त्यांना म्हणाली होती. ज्योत पाठीमागच्या पत्र्याच्या कप्प्यात असते, आतल्या पंख्याचा वारा तिथवर पोचत नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. जन्मभर समईच्या ज्योतीला हाताचा आडोसा केलेला माणूस तो. तनुजा त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली.

"काय झालं वो बाई?" शेजारच्या गाडीघराच्या खिडकीतून एका म्हातारीने विचारलं.

"मामाजी गेले माझे."

"अरे देवा! मले येता येत नाही वो. नातवाचं औषध हाये आत." मैदानातल्या प्रत्येक खिडकीत असा एकेक चेहरा होता, प्रत्येकाचा फ्रिज आपल्याच औषधांनी गच्च भरलेला. खाली कुणीही उतरलं नाही.

रुग्णवाहिकेचा माणूस फोनवर म्हणाला, "येतो. पण संगं घरचं मोठं माणूस लागते. सह्या करा लागतात. तीन-चार तास धरून चाला."

तनुजाने पंखा लावला, खिडक्या उघडल्या. गरम झळा आत आल्या. फ्रिज सहावरून पाचवर उतरत होता. बाहेर सत्तेचाळीस होते. पर्णाला सोबत न्यावं तर सोळा आठवडे औषधाविना, आणि इथे ठेवावं तर या भट्टीत एकटी. श्वासपहाऱ्याला माणसाचं वय कळत नव्हतं.

फाटकातून रुग्णवाहिका आत वळली. पर्णाने डोळे पुसले, पाण्याची बाटली घेतली आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसली.

"तू जा आबाजींसंगं. मी बसतो इथं," ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिने विचारलं, "आई, झोप लागली तर चालन ना? झोपेत श्वास चालूच राह्यते ना?"