पुष्करची झोप

पॅडिंग्टनहून सुटलेल्या ट्रेनमध्ये माझ्या बॅगेतल्या बरणीचं झाकण निघालं आणि तगरमुळाची उग्र वासाची पूड सीटभर सांडली. आजूबाजूचे लोक अगदी सभ्यपणे, सॉरी म्हणत, पुढच्या डब्यात निघून गेले. समोरचा एकजण तेवढा बसून राहिला. मी "अरे देवा" पुटपुटले, त्यावरून त्याने ओळखलं असावं.

"कुणाचे मोजे आहेत हे?" त्याने मराठीत विचारलं.

"मोजे नाहीत. झोपेचं औषध आहे."

"याने लोक झोपतात की बेशुद्ध पडतात?"

"तेच शोधतेय... पीएचडी आहे माझी."

तो हसला. पण त्याच्या डोळ्यांखाली इतकी काळी वर्तुळं होती की पूड गोळा करता करता माझा हात थांबला.

"मला घ्याल का त्यात?" तो म्हणाला. "मी वर्षभर धड झोपलेलो नाही."

त्याचं नाव पुष्कर. नागपूरचा, रीडिंगच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. वडील गेले तेव्हा याच्या व्हिसाचा अर्ज अडकलेला, देश सोडायची सोय नाही. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला. तेव्हा उडालेली झोप परत आलीच नव्हती.

दर गुरुवारी तो युनिव्हर्सिटीत यायचा. मी त्याला कॅप्सूलची बाटली द्यायची, मनगटावरचा झोप मोजणारा सेन्सर काढून डेटा उतरवायची. कुणाच्या वाट्याला तगर आलं आणि कुणाच्या वाट्याला तांदळाचं पीठ, हे मलाही माहीत नसायचं. वास सगळ्याच बाटल्यांना यायचा, तशी व्यवस्थाच होती.

"मला पीठच मिळतंय, ऋजुता. अजून थोडं दे, भाकरी थापतो."

"गप्प बस. हात दे."

"हात? आधी माझ्या आईशी बोलावं लागेल तुला."

मी सेन्सर काढायला उगाचच वेळ लावायची. अभ्यासात भाग घेणाऱ्याच्या प्रेमात पडू नये असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. मी पडले होते. त्याचा आलेख मात्र सुधारायचं नाव घेत नव्हता. जाग, जाग आणि जाग. तो गेला की मी दार लावून रडायची.

होळीला मी पुरणपोळ्या केल्या आणि दोन त्याच्यासाठी डब्यातून नेल्या. पुढच्या गुरुवारी आलेख उघडला, तर त्या रात्री तो सकाळपर्यंत झोपला होता. गाढ. मी भान विसरून त्याचा हात धरला.

"औषध लागू पडलं, पुष्कर."

"तुझी पोळी लागू पडली. इतकं जायफळ तर माझी आईही घालत नाही."

जायफळ... झोप आणणारं दुसरं काहीही पोटात जाता कामा नये, हा नियम मीच लिहिला होता. मी हात सोडला.

"कोण विचारतंय?" तो हळूच म्हणाला. "मी नाही सांगणार कुणाला."

"मला सांगावंच लागेल. बाकीच्यांच्या आकड्यांचं काय?"

"मग मला काढतील. आपले गुरुवार जातील."

तो 'आपले' म्हणाला होता. तरी मी सुपरवायझरना सांगितलं आणि त्याचं नाव अभ्यासातून निघालं.

मनात आलं, बरंच झालं, आता नियमाची आडकाठी नाही. मी पुन्हा पोळ्या केल्या, जायफळ सढळ हाताने किसलं. तरी तो बिचारा रात्रभर टक्क जागा. ऑफिसात चुकांवर चुका होत गेल्या. कंपनीने त्याला काढलं आणि नोकरीपाठोपाठ व्हिसाही संपत आला. त्याने तिकीट काढलं.

जायच्या दिवशी दुपारी तो बॅगा घेऊन माझ्या फ्लॅटवर आला. बाहेर इथला तो नेहमीचा चिकट पाऊस. टॅक्सी यायला अवकाश होता.

"काहीतरी बोलायचंय म्हणालीस," सोफ्यावर टेकत तो म्हणाला. "तिकीट कॅन्सल करावं लागेल असं काही आहे का?"

"चहा टाकते... मग सांगते."

चहा घेऊन आले, तर तो झोपला होता. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. मी कप आवाज न करता खाली ठेवले आणि त्याच्या पायाशी बसले.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हणाले. "जाऊ नकोस."

त्याचा श्वास संथ चालला होता. मला स्वतःचाच राग आला. थांबणं त्याच्या हातात नव्हतं, माझा अभ्यास सोडून जाणं माझ्या हातात नव्हतं. जागेपणी सांगितलं असतं, तर तिकडे जाऊन हेही उराशी घेऊन तो जागत बसला असता. रडू आलं तेही मी ओढणीत दाबलं, उठेल म्हणून.

टॅक्सीवाल्याचा फोन आला. इतके महिने या माणसाला झोप लागावी म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, आणि आता मलाच त्याला उठवायचं होतं. मी त्याच्या खांद्याला हात लावला.

"पुष्कर, ऊठ. गाडी आली."

"किती छान झोप लागली गं." त्याने डोळे चोळले. "काय सांगणार होतीस?"

"काही नाही... पोचलास की फोन कर."

त्याची नजर माझ्या ओल्या ओढणीवर गेली. मग त्याने बॅग उचलली.

"अजून थोडं झोपू द्यायचं होतंस," तो म्हणाला.

मी दार उघडून धरलं.