बाकं फिरवणारा

सांगते वहिनी, पण जरा हळू आवाजात. भिंगरीचा डोळा आत्ताच लागलाय. तिचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण सहा वर्षांत पोरगी एका जागी टिकली नाही, म्हणून आम्ही सगळे तिला भिंगरीच म्हणतो.

मागच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी आम्ही ट्रामचं संग्रहालय बघायला गेलो होतो. हौस माझ्या नवऱ्याची. जुनं लोखंड दिसलं की या माणसाला तहानभूक आठवत नाही. सासूबाई आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "सगळी शाळा मी ट्रामने केली. आता तीच बघायला मुद्दाम कशाला जायचं?" म्हणाल्या खऱ्या, पण निघायच्या वेळी सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात त्याच उभ्या होत्या.

संग्रहालय म्हणजे ट्रामची जुनी शेड. उंच पत्रे, जमिनीत रुतलेले रूळ, दोन्ही टोकांना सताड उघडे मोठाले दरवाजे. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं, आत मात्र दिवेलागणीसारखा उजेड. तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास सगळीकडे मुरलेला. आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. बोललेलं वर पत्र्याला लागून उशिरा खाली यायचं, त्यामुळे आम्ही न ठरवता हळू बोलायला लागलो.

तिथली एक ट्राम अजून चालते. तिच्यातून अंगणापर्यंत फेरी मारून आणतात. ड्रायव्हरकाका एकटेच होते, झुपकेदार मिश्यांचे, बोलायला माणूस मिळाला म्हणून खूश झालेले. त्यांनी नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. ट्रामला पुढचं-मागचं असं काही नसतं म्हणे. दोन्ही टोकांना सारखीच केबिन. शेवटचा थांबा आला की गाडी वळवत नाहीत. ड्रायव्हर गाडी चालवायचा आपला पितळी दांडा काढून घेतो आणि दुसऱ्या टोकाला जाऊन लावतो. तोवर कंडक्टर आतून चालत जातो आणि एकेका बाकाची पाठ ढकलून पलीकडे टाकतो, म्हणजे बसणाऱ्यांचं तोंड नव्या दिशेला होतं. नवरा डोळे विस्फारून ऐकत होता. माझं अर्धं लक्ष भिंगरीकडे आणि अर्धं सासूबाईंच्या गुडघ्यांकडे. या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

फेरीला वेळ होता, म्हणून मी आणि सासूबाई ट्राममध्ये जाऊन बसलो, अंगणाच्या दाराकडे तोंड करून. खाली बापलेकीची लपाछपी सुरू झाली. नवऱ्याने खांबावर डोकं टेकून डोळे मिटले. त्याआधी तिला बजावलं, "गाडीच्या पुढे जायचं नाही हं." ती शहाण्यासारखी हो म्हणाली आणि खरंच पुढे गेली नाही. ती मागे गेली.

हे आम्हाला नंतर कळलं. आणि हेही नंतरच कळलं, की अंगणातल्या रुळावर कोणीतरी शिडी आणि रंगाचे डबे ठेवून दिले होते. ते बघून काकांनी ठरवलं, आज गाडी मागच्या दाराने काढू. दांडा काढून खिशात घातला आणि बाहेरून चालत दुसऱ्या टोकाला गेले. ते एका बाजूने वर चढले. भिंगरी दुसऱ्या बाजूने आली आणि नेमकी त्याच टोकाशी रुळावर उकिडवी बसली.

सासूबाईंना डुलकी लागली होती. खांबापाशी नवरा आकडे म्हणत होता, तेवढाच काय तो आवाज. मग ट्रामच्या अगदी पुढून आणखी एक आवाज आला.

खट...

पहिल्या बाकाची पाठ पलीकडे पडली. मी बघतच राहिले. तिथे कोणी नव्हतं.

खट... त्याच्या शेजारची. खट... मागची. घाई नाही, थांबणंही नाही. रोजचंच काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा ठेका. मधल्या वाटेच्या लाकडी पट्ट्या एकामागून एक करकरत होत्या, आणि ती करकर आमच्याकडे येत होती. भिजलेल्या लोकरीच्या कोटाचा वास आला... आणि बाहेर तर ऊन होतं, वहिनी.

आमच्या बाकापाशी येऊन करकर थांबली.

सासूबाईंनी धड डोळेही उघडले नाहीत. "उठते हो... उठते," असं पुटपुटत त्या उठल्या आणि माझा दंड धरून मलाही उठवलं. आमच्या मागे पाठ खटकन पलीकडे गेली.

"आई... कोण आहे?" मी कसंबसं विचारलं.

"कंडक्टर गं. वळ, गाडी फिरली."

मी वळले. वळले म्हणूनच मला दिसलं. पलीकडच्या टोकाला मान खाली घालून काका दांडा बसवत होते. आणि त्यांच्या पुढच्या काचेच्या खालच्या कडेला पिवळ्या रिबिनीचं टोक हलत होतं. बाप येतोय का बघायला भिंगरी जराशी उठली असणार. गाडीखाली घरघर सुरू झाली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. सासूबाई सांगतात, तिचं शाळेतलं नाव घेऊन ओरडले. गाडीने एक हिसका खाल्ला आणि थांबली. आम्ही धावलो तेव्हा पोरगी रुळात उभी होती, गाडी आणि तिच्यात वीतभर जागा, आणि बाईसाहेब माझ्यावरच चिडलेल्या. "आई, तू का सांगितलंस मी कुठे लपलेय ते? ही चीटिंग आहे!"

तिला पोटाशी धरून मी ढसाढसा रडले. नवरा पांढराफटक पडला होता. तो नुसता तिच्या पायावरून हात फिरवत होता.

काका परत गाडीत आले, मागोमाग आम्हीही. बाकं बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "ही कोणी फिरवली?"

"तुमच्या कंडक्टरनेच ना?" नवरा म्हणाला.

"कंडक्टर नाही हो आमच्याकडे... आणि ही बाकं फिरत नाहीत. मुलं बोटं चेंगरून घेतात, म्हणून स्क्रू मारून पक्की केलीत."

नवऱ्याने जोर लावून बघितला, मग दोघांनी मिळून. एकही पाठ हलली नाही. स्क्रू जागच्या जागी होते, त्यांच्यावरचा रंगसुद्धा तडकला नव्हता.

"आई, तुम्हाला दिसला तो?" मी विचारलं. "कसा होता?"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही गं. शाळेत जाताना रोज उठायचे मी त्याच्यासाठी. तेव्हाही कधी तोंडाकडे बघितलं नाही."

भीती वाटत होती, नाही कसं म्हणू? पण त्याहून जास्त भरून आलं होतं. निघताना मी त्या रिकाम्या गाडीत उभी राहून मोठ्याने म्हटलं, "दादा, तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. कधीही या, घर तुमचंच समजा." घरी येऊन रोज झोपायच्या आधी त्याची आठवण काढते. पोर कुशीत असते, आणि ती त्याच्यामुळे असते.

आज दुपारी सासूबाईंना घेऊन हे दवाखान्यात गेले. भिंगरी तिच्या खोलीत झोपली होती. मी इथे स्वयंपाकघरात भांडी घासत होते आणि बाहेरून आवाज आला. खट... खट... शांतपणे, एकेक. जाऊन बघते तर जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं भिंगरीच्या खोलीकडे. मी कोणाला काही विचारलं नाही. पोरीला अंथरुणातून उचललं, खोलीला बाहेरून कडी घातली, आणि तेव्हापासून तिला मांडीवरून खाली ठेवलेलं नाही. आत काय आहे ते मला माहीत नाही. बघायचंही नाही. त्याने वेळेवर सांगितलं, एवढं मला पुरे. त्याचं भलं होवो.

थांबा... ऐकलंत? बाहेर पुन्हा एक खुर्ची फिरली. आणि ही दुसरी. तुम्ही दाराशी आहात, जरा वाकून बघा, आता तोंड कुठे आहे त्यांचं?

इकडे?

उठा वहिनी. चपला राहू देत. मागच्या दाराने चला.